जि. प. शाळेच्या खोल्यांसाठी घरपट्टी वाढवावी का? ग्रामसभेआधी सल्ला हवाय

शिलाईवाली (माणदेश)
१९ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी माणदेशातल्या एका गावात राहते. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. थोरली पाचवीत, धाकटा दुसरीत, दोघंही गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. यंदा शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडं आलंय, म्हणून हे विचारते. जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा.

शाळेला चार खोल्या. दोन दगडी, बहात्तरच्या दुष्काळात गावानं बांधलेल्या. सासऱ्यांनी तेव्हा ओढ्यातनं दगड वाहिलेत, कुठला कोपरा कुणी रचला ते अजून सांगतात. वर पत्रा आहे, तो गळतो, पण भिंती जागच्या हललेल्या नाहीत. दुसऱ्या दोन स्लॅबच्या, १९९४ सालच्या. त्याच खाली यायला लागल्यात. छताच्या सळ्या उघड्या पडून गंजानं फुगल्यात आणि पावसाची झड लागली की पोपडे सुटतात.

जूनमध्ये असा एक पोपडा खिचडीच्या ताटात पडला. ताटावरची पोरगी पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. त्या दिवसापासून बाई वर्गात खडूनं एक रेघ मारतात. रेघेच्या पलीकडं कुणी बसायचं नाही. दिवसभर पायांनी पुसली जाते, सकाळी बाई परत मारतात. परवा माझा धाकटा घरी खेळत होता. त्यानं फरशीवर खडूची रेघ ओढली आणि बहिणीला म्हणाला, "पलीकडं जाऊ नको, वरनं पडतंय." मी मशीनवर होते. पाय थांबला माझा.

दुसऱ्या दिवशी शिलाईची टेप घेऊन शाळेत गेले आणि भिंतीची भेग मोजली. खिडकीच्या चौकटीपासून छतापर्यंत एक्केचाळीस इंच. मधे माझ्या करंगळीचं टोक आत जातं.

२५ जुलैला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदीची शाळा कोसळली, सात लेकरं गेली. आपल्याकडं २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर तालुक्यात निंबोडीला शाळेचं छत पडून तीन मुलं गेली होती. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरले होते. आता विसरता येत नाही.

मुख्याध्यापकांनी मला फाईल दाखवली. २०२१ पासून पाच पत्रं गेलीत. साहेब येऊन बघून गेले, दोन खोल्यांच्या दुरुस्तीचं सात लाख ऐंशी हजारांचं अंदाजपत्रकही झालंय. उत्तर मात्र दर वेळी एकच, निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू. मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे, आमच्या गटाला सदस्यच नाही. दार वाजवायचं तरी कुणाचं?

आता मुद्द्यावर येते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी विषय घेतला की घरपट्टीची फेरआकारणी बरीच वर्षं झालेली नाही, ती करू, थोडी वाढवू आणि वाढलेले पैसे शाळेला लावू. एकदम कालवा झाला. एक जण म्हणाला, शाळा जिल्हा परिषदेची, तिनं बांधावी, आमच्या घरपट्टीला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, आमची पोरं पिवळ्या गाडीतनं इंग्रजी शाळेत जातात, तिथं फी भरतो, इथं परत का भरू? मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, मी एकटी, पत्र्याची एक खोली, माझी पण वाढवणार का? तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. विषय ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर ढकलला.

मी गप्प बसले नाही. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, बघायला मागितली. गावात ६४० मिळकती. वर्षाची घरपट्टीची मागणी चार लाख दहा हजार, गेल्या साली वसूल झाले दोन लाख पंचावन्न हजार. पानं उलटताना एका नोंदीवर बोट थांबलं. वेशीजवळ तिमजली बंगला आहे, पुढं ग्रॅनाइटचे खांब, वर गच्चीवर काचेचा कठडा. नमुना ८ ला त्या जागी अजून "दगड-मातीचे माळवद, १८ बाय ३०" लिहिलंय. घरपट्टी ३१० रुपये. माझ्या दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घराला ४१२.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते. इकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायच्या कामाला माणसं पार तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत पसरलीत. गावात बंगले बांधतात, जत्रेला आणि सणाला येतात, एरवी कुलूप. माणसं दिलदार आहेत, त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही मला. देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. पण त्यातले बहुतेक याच शाळेत शिकलेत.

तर मला हे विचारायचंय. ग्रामपंचायतीला घरपट्टीचा पैसा जिल्हा परिषदेच्या इमारतीला लावता येतो का? आणि ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, त्यांच्याशी बोलायचं कसं? भांडायचं नाही मला. याच गावात राहायचंय, यांचीच कापडं शिवायचीत.

---

निवृत्त ग्रामसेवक
१९ ऑगस्ट

ताई, एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं, म्हणून सांगतो. तुम्ही नमुना ८ मागून बघितला तिथंच अर्धं काम झालं. ग्रामसभेत ओरडणाऱ्यांतल्या शंभरातल्या एकानंही तो उघडलेला नसतो.

पहिल्यांदा हे घ्या. घरपट्टी वाढवायच्या दोन वाटा आहेत. एक, दर वाढवायचा. दुसरी, दर तोच ठेवून नोंदी खऱ्या करायच्या. लोक पहिल्या वाटेला भितात आणि दुसरीचं नाव कुणी काढत नाही. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घर किती जुनं त्याप्रमाणे घसारा, आणि वापर राहण्याचा की धंद्याचा त्याचा भारांक. एवढं करून जे मूल्य येईल त्याच्या दर हजारी कर. मातीच्या घराचा दर वेगळा, आरसीसीचा वेगळा, आणि त्याला किमान-कमाल मर्यादा आहे. म्हणजे त्या म्हातारीच्या पत्र्याच्या खोलीला आणि तिमजली बंगल्याला कायदा एका मापानं मोजतच नाही. मोजतोय तो तुमचा जुना नमुना ८. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते. यादी प्रसिद्ध होते, हरकती घेतात, सुनावणी होते. ती चुकवू नका, नाहीतर एकच माणूस सगळं रद्द करून आणेल.

दुसरं. शाळेला पैसा लावता येतो. पण घरपट्टीचा पैसा ग्रामनिधीत जातो, त्याच्यावर "शाळेचा" असा शिक्का नसतो. ग्रामसभेचा ठराव आणि अंदाजपत्रकात वेगळी तरतूद, या दोन गोष्टी केल्यात तर तो शाळेचा. नुसत्या भाषणावर सोडलात तर मार्चअखेर गटारीत जाईल. स्वतःच्या उत्पन्नातनं मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला-बालकल्याणला १० आणि दिव्यांगांना ५ टक्के खर्च करावाच लागतो, ते बाजूला काढून मग उरलेल्याचा हिशोब धरा. इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळं त्यांची ना-हरकत आणि तांत्रिक मंजुरी घेतल्याशिवाय एक पोतं सिमेंट उतरवू नका.

पंधराव्या वित्त आयोगाचंही विचारा, म्हणजे केंद्राकडनं ग्रामपंचायतीला येणारा, मार्च २०२६ पर्यंतचा निधी. त्यातला ६० टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेचा. शाळेची मुतारी, हात धुवायची जागा, पाण्याची टाकी त्यातनं होते. उरलेला ४० टक्के अबंधित, त्यातनं शाळेचं काम आराखड्यात बसवता येतं.

आणि थकबाकी. दीड लाखावर दरसाल येत नसेल तर वाढवायच्या आधी ती वसूल करा. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२९ खाली आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. माझ्या नोकरीत जप्तीपर्यंत दोनदाच गेलो. बाकी सगळे नोटीस हातात पडल्यावर आले. सदस्यांपैकी कुणाची थकलीय का तेही बघा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्यपद जातं. हे कळलं की पहिल्याच आठवड्यात भरणा होतो.

---

डाळिंबवाला
२० ऑगस्ट

मी विरोध करणाऱ्यांतला आहे. तुमच्या गावचा नाही, पण आमच्याकडंही हाच वाद झाला आणि मी विरोधात हात वर केला होता. का ते ऐकून घ्या.

माझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत आहेत. हौस म्हणून नाही. आमच्या शाळेत तीन वर्षं चार वर्गांना एकच शिक्षक होता. डाळिंबाच्या बागेला तेल्या रोग लागला त्या वर्षी बायकोचे दागिने ठेवून फी भरली. अशा माणसाला तुम्ही म्हणता की अजून दोनशे रुपये दे. दोनशे जास्त नाहीत. पण मी शेतसारा भरतो त्यावर उपकर जातो, जमीन घेतली तेव्हा मुद्रांक शुल्कात एक टक्का जिल्हा परिषद-ग्रामपंचायतीच्या नावानं दिला. तो पैसा शाळेपर्यंत का येत नाही, हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे.

दुसरी भीती मोठी आहे. गावानं एकदा खिशातनं दिले की वरचे म्हणणार, यांचं भागतंय. पुढच्या यादीत तुमचं नाव खाली. आणि उद्या पट वीसच्या आत गेला आणि समूह शाळेचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत मिळवायचा, विषय परत निघाला तर? २०२३ ला निघाला होताच. गावाचा पैसा लावलेल्या खोल्यांना कुलूप लागायचं.

ताई, तुमच्या लेकराची रेघेची गोष्ट वाचली. दिवसभर बागेत तीच डोक्यात होती. म्हणून हे रागानं लिहीत नाही. पण विरोध करणारा माणूस शाळेचा वैरी असतो असं धरून चालू नका.

---

शिलाईवाली (माणदेश)
२० ऑगस्ट

काका, तुमचे फार आभार. मी तुमचं लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं आणि सरपंचबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दर वाढवायचा विषय आपण आधी काढला तिथंच चुकलं. सदस्यांची थकबाकीही बघितली. दोघांची आहे.

दादा, तुम्ही रागावून लिहिलं नाहीत हे कळलं. दागिन्यांचं वाचून वाईट वाटलं. माझी मोठी जाऊसुद्धा तुमच्यासारखंच म्हणते, तिचीही मुलं गाडीतनं जातात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. तो प्रश्न बरोबर आहे आणि ग्रामसभेत तो ठरावातच लिहून वर पाठवला पाहिजे असं मला वाटतं.

दुसऱ्या भीतीबद्दल मात्र बोलते. आमचा पट ६४ आहे, तीन शिक्षक आहेत, आणि ते चांगलं शिकवतात. चौथीची मुलं माझ्या दुकानात मापं लिहून देतात, इंचाचे सेंटिमीटर तोंडानं करतात. यंदा तीन मुलं इंग्रजी शाळेतनं परत आली. पण जूनमधल्या पोपड्यानंतर दोघींनी दाखले मागितलेत. शिकवणं चांगलं असून छतामुळं पट कमी होणार असेल, तर ती कुलपाची पाळी आपणच आणतोय. ६४ चे ४० आणि ४० चे २० व्हायला किती वर्षं लागतात, तुम्हीच सांगा.

आणि ज्या मुलांकडं गाडीचे पैसे नाहीत ती कोण आहेत, तेही सांगते. ऊसतोडीला गेलेल्यांची, मेंढरांमागं जाणाऱ्यांची, दोन पोरी तर आजीजवळ राहतात. यांना जायला दुसरी शाळा नाही. त्यांची आई ग्रामसभेला येत नाही, कारण त्या दिवशीचा रोजगार बुडतो.

---

खडू-फळा
२२ ऑगस्ट

मी जिल्हा परिषदेचाच शिक्षक, तुमच्या जिल्ह्यातला नाही. धागा दोन दिवस वाचतोय. एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण आमच्या शाळेत ही चूक झाली.

त्या स्लॅबच्या दोन खोल्यांवर गावाचा एक रुपयाही लावू नका. सळई गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देते. वरनं गिलावा केलात तर वर्ष-दोन वर्षं छान पांढरं दिसेल, आत गंज चालूच. आम्ही लोकवर्गणीतनं असंच केलं. मग नवीन खोल्यांचा प्रस्ताव दिला तर कागदोपत्री दुरुस्ती झालेली इमारत म्हणून तो बाजूला पडला.

या खोल्यांची वाट निर्लेखनाची. म्हणजे इमारत वापरण्यास अयोग्य म्हणून नोंदवहीतनं काढायची, पाडायची, दगड-लोखंडाचा लिलाव करायचा. त्यासाठी समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, फोटो, बांधकामाचं वर्ष आणि अभियंत्याचा अहवाल लागतो. जुन्याचं निर्लेखन झाल्याशिवाय त्या जागी नवीन खोली मंजूर होणं फार अवघड. नवीन खोल्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेतनं किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतनं होतात. तेवढा पैसा ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नाही, आणि तो तिनं घालूही नये. डाळिंबवाल्या दादांचं म्हणणं इथं बरोबर आहे. मुख्याध्यापकांना यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, त्या दोन खोल्यांपुढं काय भरलंय तेही बघायला सांगा. बऱ्याच ठिकाणी "किरकोळ दुरुस्ती" लिहिलेलं असतं, आणि मग वर कुणाला काही दिसतच नाही.

गावाचा पैसा तुमच्या दगडी खोल्यांवर लावा. भिंती चांगल्या आहेत म्हणता. जुना पत्रा काढून अँगल बदला, नवीन पत्रा टाका, पत्र्याखाली ऊन रोखणारं छत करा, फरशी घाला. ते काम गावाला पेलतं आणि मुलं लगेच सुरक्षित बसतात. शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं, पण तुमच्या पटाला ते पंचवीस हजार. त्यात लाईट बिल, खडू, रजिस्टर आणि झाडू. पत्र्याला त्यातलं काही उरत नाही.

आणि सातबारा बघा. शाळेची जागा कुणी तोंडी दान दिली असेल आणि अजून त्यांच्याच नावावर असेल, तर नवीन इमारतीच्या वेळी सगळं तिथं अडतं.

तोवर स्लॅबच्या खोल्यांना कुलूप लावा. दोन वर्ग एकत्र बसले तरी चालतील. रेघेवर विसंबू नका, बाईंनाही सांगा.

---

नगरपालिका हद्दीतला
२२ ऑगस्ट

थोडं वेगळं. आमच्या शहराच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराचा स्वतंत्र रकाना असतो, १९६२ च्या कायद्यापासून. रोजगार हमीचाही असतो. लोकांना वाटतं हा पैसा गावातल्या पालिकेच्या शाळेला लागतो, प्रत्यक्षात तो राज्य सरकारकडं भरला जातो. मी तीस वर्षं भरतोय आणि आमच्या गल्लीतली पालिका शाळा बंद पडली. तेव्हा बिलावर शाळेचं नाव असण्यापेक्षा ग्रामसभेत हिशोब वाचून दाखवला जाणं मोलाचं आहे. तुमच्याकडं निदान ग्रामसभा तरी आहे. आम्हाला नगरसेवकाच्या दारात उभं राहावं लागतं.

---

गलाईवाला, कोइमतूर
२४ ऑगस्ट

ताई, माझं गाव तुमच्या शेजारचंच असणार. बंगल्याचं वाचलं आणि काल रात्री गावाकडं भावाला फोन करून आमच्या घराची नोंद बघायला लावली. आमचीही तीच गत. २०१४ ला घर बांधलं, नोंद आजोबांच्या माळवदाचीच. मला आजवर बिल मिळालेलं नाही. शिपाई कुलूप बघून परत जातो. ही सबब म्हणून सांगत नाही. देवळाच्या वर्गणीचा फोन मला कोइमतूरला येतो, घरपट्टीचा कधीच आला नाही, एवढंच.

आमच्या लोकांची यादी आणि फोन नंबर प्रत्येक गावात देवस्थानाच्या वहीत असतात. तिथनं घ्या. नोटीस व्हॉट्सॲपवर टाका, पैसे भरायचं खातं सोबत द्या. एक विनंती आहे. बंगलेवाले चोर आहेत अशा सुरात ग्रामसभेत बोलणं होऊ देऊ नका. मी त्या दगडी खोलीत शिकलोय. पावसात पत्र्याचा आवाज एवढा व्हायचा की गुरुजी शिकवणं थांबवून आम्हाला पाढे म्हणायला लावायचे, सगळ्यांनी मिळून, पत्र्यापेक्षा मोठ्यानं. अजून पाऊस आला की सत्तावीसचा पाढा ओठावर येतो.

---

शिलाईवाली (माणदेश)
२८ ऑक्टोबर

उशीर झाला. दिवाळीची कापडं होती, रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू. आता सगळं सांगते.

गुरुजींचं वाचलं त्याच दिवशी मुख्याध्यापकांना जाऊन भेटले. स्लॅबच्या दोन्ही खोल्यांना कुलूप घातलं. दोन वर्ग दगडी खोल्यांत दाटीनं, एक समाजमंदिरात. सप्टेंबरच्या पावसात समाजमंदिरातही पाणी आलं. पोरं चपला हातात घेऊन बसली, पण डोक्यावर काही पडलं नाही. यू-डायसमध्ये खरंच "किरकोळ दुरुस्ती" होतं. बदलायला सांगितलंय.

नोंदींचं काम सरपंचबाईंनी मनावर घेतलं. ग्रामपंचायत अधिकारी, शिपाई, दोन तरुण पोरं आणि मी, सव्वीस दिवस घरं मोजली. त्यांच्याकडं मोठी टेप होती. माझी छोटी आतल्या खोल्यांना कामाला आली. सुरुवात दोन्ही थकबाकीदार सदस्यांच्या आणि सरपंचबाईंच्या घरापासून केली, हे माझं सुचवणं होतं. त्यानंतर कुणी दार लावून घेतलं नाही. नव्यानं बांधलेली आणि जुन्या नोंदीवर चालणारी घरं निघाली ११८. त्या म्हातारीच्या घरी गेलो तर तिची पत्र्याची खोली चक्क पक्कं घर म्हणून लागलेली. नवीन यादीत तिची घरपट्टी कमी झालीय. तिला सांगितलं तर तिनं मला चहा केला. नको म्हणाले तरी गूळ घालून केला, साखर संपली होती.

२ ऑक्टोबरला दसरा आला म्हणून आमची ग्रामसभा ४ तारखेला झाली. आदल्या दिवशी महिला ग्रामसभा. तिथं मी आधी बोलले, कारण बायकांसमोर माझा आवाज कापत नाही. मेंढरांमागं जाणाऱ्या घरातल्या तिघी पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, पाडल्यावर पोरं कुठं बसणार? समाजमंदिराचं सांगितलं.

मोठ्या सभेत गणपूर्ती झाली, माणसं शंभरावर होती. दर एक पैशानंही वाढवायचा नाही, नोंदी खऱ्या करायच्या, एवढाच प्रस्ताव ठेवला. तरी वाद दोन तास चालला. डाळिंबवाले दादा, तुमचा मुद्दा मी तुमचं नाव न घेता मांडला आणि तो ठरावात आहे. गावाचा पैसा फक्त दगडी खोल्यांना, नवीन खोल्या जिल्हा परिषदेनंच द्यायच्या, आणि उपकर व मुद्रांक शुल्काचा आमच्या गावचा वाटा किती आणि कुठं गेला ते लेखी कळवावं. शिवाय दर ग्रामसभेत शाळेच्या तरतुदीचा जमा-खर्च आधी वाचायचा, मग बाकीचे विषय. पुढची दोन वर्षं वाढीव उत्पन्नातनं पहिली रक्कम शाळेला. बाजूनं चौऱ्याहत्तर हात, विरोधात एकतीस. माझ्या जावेनं विरोधात हात वर केला. घरी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून भाकरी केल्या, त्याबद्दल काही बोललो नाही. चार दिवसांनी ती म्हणाली, पत्रा टाकणार तेव्हा फॅनचे हुक आधीच ठेवायला सांग.

गलाईवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच केलं. देवस्थानाच्या वहीतले नंबर घेतले, नोटिसा व्हॉट्सॲपवर टाकल्या. नऊ जणांनी मिळून सेहेचाळीस हजार थकबाकी भरली. वेशीजवळच्या बंगल्याचे मालक दसऱ्याला आले होते. ते स्वतः ग्रामपंचायतीत येऊन बसले, नोंद वाचली, आणि म्हणाले, हे माळवद माझ्या आईनं सारवलेलं, पाडलं तेव्हा ती रडली होती. त्यांनी पाच वर्षांचे पैसे भरले. पाच जणांनी अजून फोन उचललेला नाही. हरकतींची मुदत संपली, सतरा हरकती आल्या, त्यातल्या सहा मान्य झाल्या. दर तोच असून मागणी सहा लाखांच्या वर जाईल असं दिसतंय.

माझी स्वतःची घरपट्टी ४१२ वरनं ६५५ झाली. पुढच्या खोलीत मशीन आहे म्हणून तिच्यापुढं "व्यावसायिक" लिहिलं. नवरा म्हणाला हरकत घे. मी घेतली नाही. मशीन आहे आणि बाहेर पाटीही आहे. परवा भरून आले, पावती मशीनच्या खणात ठेवलीय.

पत्र्याचं काम नाताळच्या सुट्टीत घ्यायचं ठरलंय. निर्लेखनासाठी साहेब २४ तारखेला येऊन बघून गेले, अहवाल यायचाय.

गुरुजी, सातबाऱ्याचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं निघालं. शाळेची अकरा गुंठे अजून दान देणाऱ्यांच्याच नावावर आहेत. ते वारले. वारस आठ. सात जण बक्षीसपत्र करायला तयार आहेत. आठव्या आत्या सुरतेला असतात, वय ब्याऐंशी, प्रवास जमत नाही, मनात मात्र काही नाही, फोनवर म्हणाल्या, "माझ्या बापानं दिलीय, मी कोण नाही म्हणणार." त्यांची सही तिथंच कशी घ्यायची, मुखत्यारपत्र चालतं का आणि खर्च किती येतो? कुणी असं प्रकरण पार पाडलं असेल तर सांगा. निर्लेखनाच्या ठरावाचा नमुना कुणाकडं असेल तर तोही टाका. समितीची बैठक येत्या शनिवारी आहे.